खंडेनवमीचा कट

तळवडे, १४ जून

दादा,

माझ्या काळ्या बुटांच्या निधनाची वार्ता तुला कळवणे हे माझे दुःखद कर्तव्य आहे. त्या बुटांनी माझी कितीतरी ऑडिटं, लग्नं आणि साहेब लोकांचे निरोप समारंभ निमूटपणे सोसले. मंगळवारी सकाळी त्यांत पाय घातले आणि मी मागच्या मागे भिंतीला टेकलो, कारण दोन्ही बुटांच्या टाचा गायब होत्या. तपास करता त्या तुझ्या कन्येच्या कॅनव्हासच्या बुटांखाली खिळे ठोकून बसवलेल्या आढळल्या. वजन उचलणाऱ्याला टणक, उंच टाच लागते म्हणे, आणि तसे बूट दुकानात परवडत नाहीत. "काका, तुमचे तर कपाटातच असतात," एवढाच पुनमचा बचाव. मी चपला घालून चाकणला गेलो. कंपनीच्या गेटवर सेफ्टीवाल्याने मला अडवून पायांच्या सुरक्षिततेवर भाषण दिले. स्टोअर्सचा इन्चार्ज असून मी ते उभ्याने ऐकले.

तू मला मोबाइलवर ब्लॉक केलेस, म्हणून हे पत्र. चऱ्होली इथून स्कूटरने अर्ध्या तासावर आहे. पोस्टाने किती दिवसांवर आहे ते आता कळेल. आंतरदेशीय पत्र मागितल्यावर पोस्टातल्या बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी कबुतरच मागितले असावे.

तू म्हणालास, पोरीला ठेवून घेतलीस तर माझ्याशी बोलू नकोस. बोलत नाही. लिहितोय.

तुझी अट तिने आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली आहे. तुळशीच्या लग्नाआधी राज्य स्पर्धेसाठी निवड झाली तर ठीक. नाही झाली तर चऱ्होलीला परत, आणि वजन उचलण्याचा विषय कायमचा बंद. तुझ्या अटीखाली तिने स्वतःची एक लिहिली आहे. फक्त आकडा: शंभर.

तुला यातले समजून घ्यायचे नाही हे ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. या खेळात वजन दोन तऱ्हांनी उचलतात. एक, जमिनीवरून थेट डोक्यावर. दुसरे, आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर. दोन्हींची बेरीज धरतात. दुसऱ्या तऱ्हेत तिला शंभर किलो हवेत. सध्या ती ब्याऐंशीवर आहे. कंपनीत असे टार्गेट कुणी दिले असते तर आम्ही युनियनकडे गेलो असतो.

वहिनींना नमस्कार. अंडी संपली की तुझी भावजय वर्षाली मला बाजारात पाठवते, आणि अंडी रोज संपतात.

निरंजन


तळवडे, २० जुलै

दादा,

उत्तर आले नाही. ते येणार नाही असे धरूनच लिहितो, म्हणजे मधे कुणी तोंड घालत नाही.

ती जाते ती जागा कशी आहे, हे तू विचारले नसतेस, म्हणून न विचारता सांगतो. चिखलीत एक पत्र्याची शेड. एका अंगाला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या अंगाला भिमाजी सरांचे दोन लेथ. हे भिमाजी सर आयुष्यभर एका कंपनीत टर्नर होते. निवृत्त झाल्यावर पुढे वर्कशॉप टाकले आणि मागे हा क्लब. बारला, म्हणजे वजनाच्या दांड्याला, अडकवायच्या लोखंडी प्लेटा त्यांनी स्वतः फाउंड्रीतून ओतून आणल्या आहेत. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात वीस, दहा, पाच असे लिहिलेले, आणि अशा चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. सर माणसांशी फार बोलत नाहीत, प्लेटांवरून मात्र हात फिरवतात. "आपली पोरगी रोज संध्याकाळी बार उचलायला जाते" हे वाक्य वर्षाली सोसायटीत फार जपून उच्चारते.

पुनमचा शंभराचा आकडा सरांना पसंत नव्हता. मी समोरच होतो.

"पोरी, नव्वद धर," ते म्हणाले. "आवाक्यातलं धरावं मानसानं."

"नव्वद धरलं तर मी सत्त्याऐंशीला खूश होईन, सर."

"आन शंभर धरलं तर?"

"नव्वदला रडेन."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी पत्र्याकडे पाहिले. "रडत रडत नव्वद उचलनारी मला चालंल," म्हणाले आणि खडू तिच्या हातात दिला. तिने भिंतीवर हातभर मोठे शंभर काढले.

आमच्या कंपनीत मागच्याच आठवड्यात "ध्येय उंच ठेवा" या विषयावर सत्र झाले. पडद्यावर हिमशिखर, खाली समोसा. टार्गेट म्हणजे वरच्या मजल्यावरच्याने ठरवायचे, खालच्याने गाठायचे आणि गाठले की पुढच्या महिन्यात वाढवून परत करायचे, असे मी इतकी वर्षे समजत आलो. माणूस स्वतःचे टार्गेट स्वतः भिंतीवर लिहितो हे पाहिले आणि ते टार्गेट आहे हे मला आधी ओळखूच आले नाही.

एक गोष्ट लपवत नाही. सरांची मुले शेडमध्ये वाघ असतात आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत गेली की ढेपाळतात. दरवर्षी. सर त्याला स्टेजची भीती म्हणतात. उपाय म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते प्रत्येकाच्या बॅगेत लिंबू टाकतात आणि मन खंबीर करण्यावर बोलतात. तुझी पोरगी कुणाला घाबरत नाही हे तुझ्याइतके कुणाला माहीत, म्हणून मला काळजी नाही.

निरंजन


तळवडे, ३ ऑगस्ट

दादा,

उचलले.

शंभर. काल संध्याकाळी, माझ्या डोळ्यांदेखत. बार खांद्यावर आला तेव्हा तिचे गाल थरथरत होते. मग एक पाय पुढे, एक मागे, आणि तो डोक्यावर. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याने काम थांबवले. भिमाजी सर पंच्याने तोंड पुसत बसले, आणि पंचा तोंडावरून लवकर निघाला नाही.

अटीला अजून तीन महिने आहेत आणि जिल्ह्यात शंभराच्या आसपास कुणी नाही. तेव्हा मी आत्ताच "मी म्हणालो होतो" असे म्हणून ठेवतो. पुढे गर्दीत राहून जायचे.

आमच्या चौकात फ्लेक्स लागला. "शंभर किलो उचलणारी आपली वाघीण!" खाली पुनम, पासपोर्ट आकारात. वर गणराजभाऊ, भावी नगरसेवक, हात जोडून, तिच्या साताठपट. अनोळखी माणसाला वाटेल शंभर किलो म्हणजे तेच. मी ऑफिसात पेढे वाटले. तुझ्या नावाचे चार बाजूला ठेवले होते, पण ते वर्षालीने खाल्ले. इथे पेढ्याला प्रतीक्षा सोसत नाही.

तुझा (आज जरा जास्तच),
निरंजन


तळवडे, १८ ऑगस्ट

दादा,

इकडे सर्व ठीक. पाऊस बेताचा. तळवडे चौकातले खड्डे बुजवले होते, ते पुन्हा प्रकट झाले. पुनमची तब्येत उत्तम, जेवते मात्र कमी. पंधरा ऑगस्टला दुसऱ्या एका क्लबात मैत्रीपूर्ण स्पर्धा होती, तिथे गेलो होतो. हॉल मोठा होता. पंखे चांगले होते.

वजनांविषयी सवडीने लिहीन.

निरंजन


तळवडे, ७ सप्टेंबर

दादा,

मागच्या पत्रात मी तुला पंख्यांची माहिती दिली. आता उरलेले सांगतो.

त्या हॉलमध्ये पुनमला पंच्याण्णवही उचलता आले नाहीत. तिन्ही वेळा बार खांद्यापर्यंत आला आणि तिने खाली टाकला. परत येताना रिक्षात भिमाजी सर हळू आवाजात स्टेजच्या भीतीवर बोलले. मीही दोन वाक्ये बोललो, मन खंबीर वगैरे. ती बाहेर बघत होती. आकुर्डी मागे पडल्यावर म्हणाली, "मला भीती नाही वाटली. बार जड होता."

मी हसलो. सतरा वर्षांची मुलगी दुसरे काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी ती शेडमधली वीसची एक प्लेट पोटाशी धरून कुदळवाडीत गेली. भंगारवाल्याच्या काट्यावर प्लेट साडेसतरा भरली. दुसरी आणली, तीही तेवढीच. मग सगळ्याच. बार वीसचा, त्यावर वीसच्या चार प्लेटा; हिशेब तूच कर, तुला सवय आहे. तिने उचललेले शंभर म्हणजे नव्वद होते.

भिमाजी सरांनी प्लेट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. ही प्लेट ओतली तेव्हा त्यांनी स्वतः मोजली होती, वीसला दहा ग्रॅमही कमी नव्हती. पुनमने विचारले, "मग नंतर काय केलंत हिला?"

"काय करनार? दर खंडेनवमीला पूजेच्या आधी चकाचक करतो. गंजकी वस्तू देवापुढं ठिवायची का?"

"चकाचक कशी करता?"

"लेथवर धरून. एक हलका कट मारायचा, दोन्ही बाजूंनी, की—" आणि ते थांबले.

दादा, चिखलीत खंडेनवमीला प्रत्येक वर्कशॉपात मशीन धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. भिमाजी सरांच्या लेखी प्लेटा म्हणजे हत्यारच. दरवर्षी भक्तिभावाने एकेक कागदाएवढा थर काढला, वर नव्याने वीस रंगवले आणि नमस्कार केला. देवाला इतके लोखंड आजवर कुणी वाहिले नसेल. आणि दरवर्षी पोरं जिल्ह्याला हरायला निघाली की सरांनी त्यांच्या बॅगेत लिंबू टाकले.

पण टर्नर माणूस इतक्या सहजी मानत नाही. अर्ध्या तासाने सरांची मान वर झाली. "भंगारवाल्याचा काटा हाय त्यो. कमी दावन्यावर तर त्याचं घर चालतंय." यात तथ्य होते. मग पलीकडच्या किराणावाल्याचा काटा आणला, त्याने उलट वीसला एकोणीस दाखवले, कारण तो विकताना वापरतो, जास्त दाखवायलाच. आता चिखलीत कुणाच्याच काट्यावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही. सर म्हणतात प्लेटा एक किलोने कमी असतील. पुनम म्हणते अडीच. एकमेकांशी बोलत नाहीत, आणि सराव अर्धाच होतो.

ती काल रात्री जेवताना म्हणाली, "काका, बाबांना कळवू नका." मी हो म्हणालो. तेव्हा तुला हे कळलेले नाही असे वाग.

गणराजभाऊंना फ्लेक्स उतरवायची विनंती तिने स्वतः जाऊन केली. ते म्हणाले, "ताई, फ्लेक्सखाली काटा घेऊन कोण उभं राहतं?" फ्लेक्स आहे तिथेच आहे. मी ऑफिसला आता दुसऱ्या रस्त्याने जातो.

निरंजन


तळवडे, २ ऑक्टोबर

दादा,

तुमच्या गावच्या पिंटूचा टेम्पो मागच्या शनिवारी शेडपुढे थांबला. चऱ्होलीची भाजी उतरवून रिकामा चालला असेल म्हणून कुणी लक्ष दिले नाही. पिंटूने एक गोणपाट दोन्ही हातांनी ओढत आत आणला, म्हणाला, "इथं उतरवायला सांगितलंय," आणि चहा न घेता गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

आत तुझ्या भाजीच्या तराजूची वजनं. दहा किलोची दोन, पाच, दोन, एक, आणि ती छोटी पितळी. प्रत्येकावर सरकारी शिक्का. बटणाच्या काट्यावर तुझा विश्वास नाही म्हणून बाजारात सगळे तुला हसतात, मीही हसलोय. शेडमध्ये कुणी हसले नाही. पुनम त्या गोणपाटाजवळ उकिडवी बसली आणि पाच किलोचे वजन कडीने उचलून बघू लागली.

सरांनी शिक्के चष्मा लावून वाचले. मग छताच्या अँगलला मधोमध दांडा टांगला, एका टोकाला प्लेट, दुसऱ्या टोकाला तुझी वजनं. पहिलीच प्लेट साडेसतराला थांबली. दांडा हलला नाही. सर स्टुलावर बसले.

"किती पोरं गेली माझ्या हाताखालनं," ते म्हणाले. "समद्यांना मी भित्री म्हनलो."

पुनमने खडू घेतला, प्लेटेवरचे वीस खोडले आणि साडेसतरा लिहिले. म्हणाली, "सर, त्यांनी नव्वदच्या नावाखाली ऐंशी उचलले. मी ऐंशीला ऐंशी म्हणूनच उचलते. चला, पुढची लावा." सगळ्या प्लेटा तशा तोलून झाल्या. दुसऱ्या दिवसापासून सर आपल्या जुन्या पोरांना फोन करत सुटलेत. कुणी कुरियरमध्ये आहे, कुणी पंपावर. त्यांना काय सांगतात ते मी ऐकले नाही, फोन घेऊन ते लेथमागे जातात.

सरांनी तिला पुन्हा विचारले, आता तरी भिंतीवरचा आकडा खाली आणू का. आता शंभर दहा किलोंनी लांब गेले आहे. ती म्हणाली, "आकडा तिथंच आहे. आपण मागं होतो."

काल खंडेनवमी झाली. प्लेटा यंदा फक्त तेलाच्या फडक्याने पुसल्या. थोडा गंज राहिला. सरांनी त्या गंजावरच हळदकुंकू वाहिले, आणि लेथला कुलूप लावून किल्ली पुनमकडे दिली.

तिला तू वजनं पाठवलीस हे कळले आहे, कारण गोणपाटावर तुझ्याच हाताची गाठ होती. तू तिला कळवले नाहीस, तिने तुला कळवले नाही. तुम्ही दोघे बोलत नाही ते एकाच आवाजात.

निरंजन


तळवडे, २७ ऑक्टोबर

दादा,

काल जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. निकाल आधी सांगत नाही, तेवढा सूड मला घेऊ दे.

पहिल्या प्रकारात ती बरी गेली. दुसऱ्या प्रकारात अठ्ठ्याऐंशी उचलले, मग नव्वद. खऱ्या काट्यावरचे नव्वद, आणि ती रडली नाही. तेव्हा ती तिसरी होती. राज्याला दोघीच जाणार. शेवटची एक वेळ उरली होती. दुसरीला मागे टाकायला चौऱ्याण्णव लागत होते. आणि शेडमध्ये गेल्या गुरुवारी तिचे शंभर खांद्यापर्यंत आले होते.

मला शंभर हवे होते. लपवून काय करायचे. फ्लेक्स अजून चौकात आहे, ऑफिसात पेढे वाटून झालेत, आणि मी मनातल्या मनात तुला पत्रही लिहायला घेतले होते, एका शब्दाचे. मी सरांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मागू दे की शंभर, इतके महिने ज्यासाठी घासली ते. सरांनी पुनमकडे पाहिले. टेबलावरचा माणूस आकडा विचारत होता.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आणि शंभर?"

"शंभर माझं आहे, काका. ते कुठं जात नाही. आज चौऱ्याण्णवचं काम आहे."

ती स्टेजवर गेली. हाताला पांढरी पूड लावली. बार खांद्यावर आला आणि ती तिथेच थांबली, इतकी की मला वाटले, संपले. सर शेजारी लिंबू मुठीत धरून बसले होते, सवयीने. तिने श्वास घेतला आणि वर ढकलले. गुडघा डगमगला, मागचा पाय पुढे आला, दोन्ही पाय एका रेषेत आले, आणि तीन पांढरे दिवे लागले. पंचांना मान्य असले की पांढरे लागतात.

दुसरी. निवड झाली. तुळशीचे लग्न अजून व्हायचे आहे.

सरांनी मुठीतले लिंबू माझ्या हातात दिले आणि रस पिऊन टाका म्हणाले, "तुमीच घाबरला होता." पुनमने आधी बूट काढले, मग फोन मागितला. तिला तुझा नंबर पाठ आहे. लावला नाही. म्हणाली, बाबांना पत्रातूनच कळू दे, त्यांना आता त्याची सवय झाली असेल. आज पहाटे ती उठून पुन्हा शेडवर गेली. भिंतीवरचे शंभर तसेच आहे, कडेने जरा खडू उडालाय, तो गिरवायला.

पिंटूकडून कळले की महिनाभर तू बाजारात बाजूच्या वांगीवाल्याकडून वजनं उसनी घेतोयस. तो देतो आणि रोज ऐकवतो. गिऱ्हाईक खोळंबते. आणि पिंटूने बटणाचा काटा घे म्हटले तर तू त्याच्याशीही बोलणे बंद केलेस.

तुझी वजनं आज शेडमधून घरी आणली. मोजली, सगळी आहेत, पितळीसुद्धा. गोणपाट फाटला होता, वर्षालीने शिवून दिला. टेम्पोने पाठवणार नाही. येत्या बाजाराच्या सकाळी मीच स्कूटरवर घेऊन येतोय. तू पथारी पसरशील त्याआधी पोचेन. बोलणार नाही. वजनं तराजूशेजारी मांडतो आणि निघतो.

तुझा,
निरंजन